घरात कुणी न घेतलेलं नाव

"भेकिफा!" सिस्टरने तिसऱ्यांदा हाक मारली.

मांगुबाने घराण्यातल्या म्हातारीच्या मांडीवरचा चौदा महिन्यांचा नातू छताच्या पंख्याकडेच बघत राहिला.

पहाटेपासून रांगेत बसून म्हातारीची कंबर मोडून आली होती. तरी तिकडच्या लग्न झालेल्या बाया सणासुदीला घालतात ती लाल टोपी डोक्यावर ताठ होती. शेजारी सून झोदवा उभी, हातात दवाखान्याची दोन कार्डं, पाठीला घोंगडी करकचून बांधलेली. रात्रीची झोप तिच्याही डोळ्यांना नव्हती.

"नाव ओळखत नाही का हा, आजी?"

"ओळखेल कसा? नाव आजोबाचं. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि नवऱ्याचं नाव मी तो जिवंत असताना घेतलं नाही, ते आता घेऊ?"

सिस्टर हसली. "माझी आजी अशीच. बरं, नजरेला नजर देतो?"

"वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत बघायचं नसतं. तुझ्या आईने शिकवलं नाही वाटतं?"

"शिकवलं हो. बोट करून काही दाखवतो?"

"बोट दाखवणं उद्धटपणाचं. आमच्या घरची पोरं जन्मतःच शहाणी."

सिस्टरने कपाळ चोळलं. तिच्यासमोर अजून अर्धी रांग होती. "मी शहरातल्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहीत होते. आताच दाखवलं तर पोराला खूप शिकवता येतं. नंतर जड जातं. पण घरच्या वळणानेच असं असेल, तर..."

"वळणानेच आहे."

"आई, लिहू द्या ना त्यांना," झोदवा हळूच म्हणाली.

"तू गप. चिठ्ठी घेऊन गावातून मिरवू? उद्या विहिरीवर बाया म्हणतील, मांगुबानेच्या घरात खुळं पोर निपजलं. माझ्या घरात तसं होत नाही."

झोदवाच्या अंगात भांडायला त्राणच नव्हतं.

सिस्टरने चिठ्ठीचा कागद खणात परत टाकला. भेकिफाच्या कार्डावर शिक्का उमटला. म्हातारीने सुस्कारा सोडला आणि गुडघ्यावर हात टेकून उठू लागली.

"थांबा, आजी. ते दुसरं कार्ड राहिलं."

झोदवाने घोंगडीची गाठ सोडली. त्याच घरात, त्याच वळणात चौदा महिने वाढलेली भेकिफाची जुळी बहीण घोंगडीतून बाहेर आली, आजीच्या डोळ्यांत डोळे घालून खुदकन हसली, आणि इवलं बोट लांब करून तिची लाल टोपी दाखवू लागली.