भांड्याला बाई

“उद्यापासून भांड्याला बाई येतेय,” चैतालीने जाहीर केलं. तिच्या उजव्या मनगटाला डॉक्टरांनी पट्टा बांधला होता.

“नको,” शालनताई म्हणाल्या.

सासूबाईंचं हे ‘नको’ चैतालीला पाठ होतं. येरवड्याच्या दोन खोल्यांत, टेलिफोन खात्यातली नोकरी सांभाळून शालनताईंनी संसार रेटला. रिक्षा नको, हॉटेल नको, नवे पडदे नकोत. पैसा सुटायचा तो मुलाच्या, संजयच्या शिक्षणाला आणि चौदा एप्रिलच्या नव्या कपड्यांना. भांडी घरातले सगळे मिळून घासत. अगदी सासरे दशरथरावसुद्धा.

आता कर्वेनगरला फ्लॅट होता, घरात दोन पगार येत होते. एसी लागला, रविवारचं जेवण बाहेरून येऊ लागलं. शालनताईंनी कशालाच हरकत घेतली नाही. पिझ्झा आला की मोठा तुकडा त्याच उचलायच्या. फक्त बाईचा विषय निघाला की त्यांची मान नकारार्थी हलायची. म्हणून तर चैतालीला ते जास्तच लागायचं.

“आई, पिझ्झाला पैसे आहेत आणि माझ्या हाताला नाहीत?” तिचा आवाज चढला.

संजयने मोबाइल खाली ठेवला. शालनताई उठल्या, सुनेशेजारी येऊन बसल्या आणि तिचं दुखरं मनगट त्यांनी अलगद आपल्या हातात घेतलं.

“भांडी धुवायचं मशीन मागव. आजच. चांगलं मोठं बघ. पैसे माझ्या पेन्शनमधून जातील.”

संजयला हसू फुटलं.

“आई, अगं, तेवढ्या पैशांत बाई कितीतरी वर्षं येईल! काटकसर तर तूच शिकवलीस आम्हाला.”

“बाकीची काटकसर होती. ही नव्हती.” शालनताईंचा आवाज शांत होता. “तुझी आजी काय काम करायची, हे तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. कॅम्पातल्या बंगल्यांमधली भांडी घासून तिने मला मॅट्रिक केलं. माझा पहिला पगार झाला त्या दिवशी मी तिला ती कामं सोडायला लावली. आणि तेव्हाच ठरवलं, माझ्या घरातलं खरकटं कुणाच्याही आईने काढायचं नाही.”