चिठ्ठीतली शेवटची ओळ

“मागचा ऑक्सिजन सेन्सर, एक. बघून द्या, पोर नवीन आहे.” स्पेअर पार्टच्या दुकानातल्या काकांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. काउंटरवरची दोन गिऱ्हाइकं चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलीकडे बघून हसली.

ती शेवटची ओळ बाबांच्या प्रत्येक चिठ्ठीत असायची. साधा बल्ब आणायचा असला तरी! वर्षभर शाळा सुटली की ती बाबांच्या गॅरेजमध्ये हात काळे करत होती. तरी आपली नवीनच. जणू आत्ताच खोक्यातून काढलीय!

काकांनी मागच्या सेन्सरचा डबा पुढे सरकवला आणि बोटानं भिंतीवरची पाटी दाखवली. ‘इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही.’

नमुन्याला आणलेला जुना सेन्सर तिनं फडक्यातून काढला. टोक स्वच्छ, राखाडी. काजळीचा ठिपका नाही. आजारी माणूस इतका टवटवीत दिसतो होय?

आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आज शाळेला सुट्टी होती; सकाळी तिच्यासमोरच गाडीतला दोष सांगणाऱ्या नव्या स्कॅनरनं ‘सेन्सर एक’ खराब सांगितला होता. स्कॅनरच्या पुस्तकावर बाबांनी चहाचा कप ठेवला होता. तिनं मात्र ते दोनदा वाचून काढलं होतं. धुराच्या नळीवर दोन सेन्सर असतात आणि मोजणी इंजिनापासून सुरू होते. पुढचा तो एक. पण बाबा गाडीखाली नेहमी मागून शिरतात. त्यांना पहिला भेटतो तो मागचा!

तिनं फोन लावला. दोनदा वाजून गेला. गाडीखाली असले की बाबा फोन उचलत नाहीत. आणि गाडी चार वाजता द्यायची होती. घरोघरी जाऊन पेशंट बघणाऱ्या नर्सबाईंची होती ती. आता चूक झाली, तर सेन्सर तर फुकट जाणारच, पण तिचं गॅरेजमध्ये येणंही बंद. तिचं गॅरेजमध्ये जाणं न आवडणारी आई तर त्याची वाटच बघत होती.

“काका, हा नको. पुढचा द्या.”

“अहो इंजिनियरबाई, तीस वर्षं गाड्या उघडणाऱ्या माणसानं मागचा लिहिलाय!”

“बाबांनी मागून मोजलंय. गाडी पुढून मोजते.”

“आणि चुकलं तर?”

“तर माझं चुकलं. बिलावर माझी सही घ्या.” आवाज ठणठणीत निघाला. काकांनी बिल पुढे केलं; तिनं सही ठोकली आणि पुढच्या सेन्सरचा डबा उचलला.

गॅरेजमध्ये बाबांनी डबा बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “हे काय आणलंस?”

तिनं पुस्तक उघडून चित्रावर बोट ठेवलं. बाबांनी चित्र बघितलं. गाडीखाली वाकून बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. जुना सेन्सर मागे आपल्या जागी गेला, नवा पुढे बसला. स्कॅनरवरचा दोष पुसून बाबा मोठी चक्कर मारून आले. समोरचा इशाऱ्याचा दिवा लागला नाही!

चार वाजता नर्सबाई आल्या. “काय नेमकं शोधलंत हो!” असं बाबांनाच म्हणाल्या. बाबा हात पुसत राहिले. ‘पोरीनं शोधलं’ एवढे दोन शब्द काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. रात्री जेवताना तिनं ताट अर्ध्यावरच सारलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाबांनी घडी घातलेली चिठ्ठी तिच्या हातात कोंबली. “पांढऱ्या गाडीचं सामान,” एवढंच म्हणाले. शाळेत जायच्या आधी ती गाडी तिनंच तपासली होती.

दुकानात काकांनी चिठ्ठी उघडली. वाचली. पुन्हा वाचली. या वेळी मोठ्यानं नाही. मग काउंटरवर ठेवून हळूच तिच्याकडे फिरवली.

सामानाचं नाव कुठेच नव्हतं. बाबांच्या तिरक्या अक्षरात फक्त एक ओळ होती.

‘पोर सांगेल ते द्या.’