निरीक्षण

दुर्वाच्या प्रयोगवहीत 'निरीक्षण'पुढे लिहिलं होतं, "आम्लात बुडवलेला निळा लिटमस निळाच राहिला." विज्ञानाच्या केतकर बाईंनी त्यावर फर्रकन लाल रेघ ओढली.

"डोळे फुटले होते का तुझे? बाकी एकेचाळीस जणांना लाल दिसला, तुलाच कसा निळा? पुस्तकात काय दिलंय? दहा वेळा लिहून आण."

दुर्वानं मान खाली घालून वही उचलली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतले शिपाई सावंतमामा सहज बोलून गेले, "बाई, आम्ल मागवायला हवं. बाटली रिकामी दिसायला नको, म्हणून परवापासून मी नुसतं पाणी भरून ठेवलंय."

एकेचाळीस वह्यांवर बाईंनी 'छान' असा शेरा दिला होता.

मधल्या सुट्टीत त्यांनी दुर्वाला बोलावून घेतलं. तीच बाटली काढली, तिच्यासमोर नवा लिटमस बुडवला आणि वर धरला. निळाच होता.

"घाबरू नकोस, बाळा. तुला काय दिसतंय तेच सांग."

दुर्वानं कागदाकडे पाहिलं, मग बाईंच्या चेहऱ्याकडे.

"लाल झाला, बाई."