दोन षटकं आधी

"अगं महेश्वरी, मगाशी ह्या टोकाकडनं टाकत हुता, आता त्या टोकाकडनं टाकायलाय. चुकलं काय त्यांचं?"

मेलबर्नच्या स्टेडियममधून सिद्धेश्वरी व्हिडिओ कॉलवर विचारत होती. सोलापुरातल्या घरात महेश्वरीने मोबाइल जरा लांब धरला. समोर टीव्हीवर वर्ल्डकपची तीच मॅच चालू होती.

"न्हाई हो अक्का. ओव्हर संपली की टोक बदलत्यात."

"असं व्हय! मला वाटलं, दमला असंल."

सिद्धेश्वरी तिची थोरली जाऊ. घरच्या दुकानातून यंदा पाण्याच्या मोटारी इतक्या खपल्या, की कंपनीने स्कीममध्ये ऑस्ट्रेलियाची सहल दिली, मॅचच्या तिकिटांसकट. तिकिटं दोन, म्हणजे थोरला भाऊ गुरुशांत आणि थोरली सून. त्यावर घरात चर्चा झालीच नाही. महेश्वरी कॉलेजच्या टीममधून ऑफस्पिन टाकायची, हे लग्नात पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. तिकिटं आली तेव्हा मात्र ते कुणाला आठवलं नाही. तिनेच जावेच्या बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरली, हसतमुखाने तिला गाडीत बसवलं.

"अक्का, जरा पिच दाखवा की."

मोबाइल तिकडे गर्रकन फिरला. आधी काळं आभाळ दिसलं, मग गुरुशांत भाऊजींचं टक्कल, मग कागदी बशी.

"हे बघ, बटाट्याचे तुकडे तळून दिल्यात. लई अळणी. तुझी चटणी लावून खायलोय."

मग पुन्हा सिद्धेश्वरीच. इरकलीवर स्वेटर, गालावर तिरंगा. महेश्वरी त्या गालाकडे बघत राहिली. तो तिरंगा आपल्या गालावर शोभला असता, असं तिला वाटलं. वाटलं कसलं, खात्रीच होती.

"थंडी हाय का विचार तितं," कॉटवर बसून शेंगा फोडणाऱ्या सासूबाई म्हणाल्या. चन्नम्मांना सगळं घर अव्वाच म्हणायचं.

"लई थंडी हाय, अव्वा! म्हणूनच निघालोय आता. टूरवाला म्हणतोय, मॅच सुटल्यावर गर्दीत बस अडकती. हॉटेलात जेवण बी गार हुतंय."

महेश्वरी ताडकन उभी राहिली. "निघालाय? अक्का, दोन ओव्हर राहिल्यात! बावीस रन पायजेत! आत्ता कुणी उठतंय काय?"

"अगं, बसून बसून पाय आखडले माझे. सगळ्याच बायका उठायल्यात. ठेवते गं."

फोन बंद झाला आणि महेश्वरीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिकीट मिळालं नाही, ते तिने कसंबसं गिळलं होतं. पण ज्या खुर्चीवर नुसतं टेकायला मिळावं म्हणून तिचा जीव तुटत होता, ती खुर्ची कुणी पाय आखडले म्हणून सोडून जावं? तेही अशा वेळी? कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला की तिची नजर खेळाडू सोडून रिकाम्या खुर्च्या शोधू लागली. दिसली असती तर तिने टीव्हीत हात घालून ती ओढूनच घेतली असती.

शेवटच्या बॉलवर चार रन हवे होते. बॉलर यॉर्कर टाकायला गेला आणि बॉल जरासा आखूड पडला. आपल्या बॅट्समनने गुडघा टेकून तो असा काही उचलला, की महेश्वरीला बॅटच्या आवाजावरूनच कळलं. ती किंचाळली. अव्वांच्या मांडीवरचं शेंगांचं ताट उलथलं. अव्वा काही न कळताच टाळ्या वाजवू लागल्या. गल्लीत फटाके सुरू झाले. तेवढा वेळ महेश्वरी कुणाचीच जाऊ नव्हती.

मग मोबाइल वाजला. तिने टीव्हीचा आवाज बंद केला आणि फोन कानाला लावला.

"जिंकलो म्हणं की गं आपण! बसमधी सगळी वरडायल्यात नुसती. शेवटी कसं झालं? तू सांग बघू नीट, हितं धड कुणाला सांगताच येईना. आल्यावर बायका विचारतील, तर काय सांगू मी?"

टीव्हीवर तोच बॉल पुन्हा सावकाश वर चढत होता. महेश्वरीच्या ओठावर सगळं आलं होतं, तो आखूड पडलेला यॉर्कर, तो टेकलेला गुडघा, तो आवाज. विमान अक्काला मिळालं, तिकीट अक्काला मिळालं, गालावरचा तिरंगाही तिलाच. आता हा बॉलसुद्धा आपण होऊन तिच्या ओटीत घालायचा? आणि वर महिनाभर तो तिच्याच तोंडून गल्लीभर ऐकायचा?

"हितं लाइट गेलती की हो अक्का," महेश्वरी म्हणाली. "शेवटचं कायबी बघायला मिळालं न्हाई."

अव्वांनी टीव्हीकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं, आणि खाली वाकून सांडलेल्या शेंगा वेचायला लागल्या.

पलीकडे सिद्धेश्वरीच्या आवाजात हळहळ होती, अगदी खरीखुरी.

"अगं बाई गं! एवढा तुझा जीव त्या मॅचमधी, आन् नेमकी तवाच गेली व्हय लाइट? जाऊ दे, मनाला लावून घेऊ नको. मी आल्यावर सांगते की तुला सगळं. मी हुते न्हवं तितं."