वीतभर जागा

गनी वेल्डरने दारांखाली लावायच्या लोखंडाचे दोन नमुने अंगणातल्या वाळूवर ठेवले आणि तो लँडरोव्हरच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. उजव्या अंगाकडे त्याने आल्याबरोबर एकदाच पाहिलं होतं. तिकडची दोन्ही दारं आत बसली होती आणि दारांखालचा पत्रा दुमडून चासीला चिकटला होता.

"हा चपटा," तो म्हणाला. "पत्र्याला लागून बसतो. दगड खालून घासला तर हा घासेल, पत्रा फाटणार नाही. आणि हा पाइप. हा चासीपासून वीतभर बाहेर येतो, वर पट्टी मारायची. कातळ बाजूने आला तर आधी पाइपला भिडेल. शिवाय पायरी होते."

"पाइपच," मुश्ताक म्हणाला. "पायरी हवीच."

रशीदा, मुश्ताकची बायको, चहाचं तबक घेऊन झावळ्यांच्या कुडाशी उभी होती. आत तिची आई नवऱ्यामागच्या इद्दतीला, परक्या पुरुषांच्या नजरेआड बसली होती, म्हणून दारावर गोणपाट टाकलं होतं.

"पायरी कशाला?" रशीदाने विचारलं.

"आता शौकत उभा राहणार ना. अब्बा नुसत्या पत्र्याच्या कडेवर उभे राहायचे. बोटभर कड ती. पाय कुठे ठरणार?"

गेल्या महिन्यात इथल्या अरबी डोंगरांत, मसाफी गावाच्या पुढे, कोरड्या नदीचं पात्र जिथे दोन कातळांमध्ये अरुंद होतं तिथे, गाडी मुश्ताक चालवत होता. रशीदाचे वडील, खैरुद्दीन तांडेल, उजव्या दाराबाहेर त्या कडेवर उभे राहून पुढचे दगड सांगत होते. जयगडच्या खाडीत ओहोटीला शिरताना गलबताच्या काठावर असाच एक माणूस उभा राहतो आणि तळ सांगतो. तिथे खाली पाणी असतं. इथे गाडी गोट्यांवरून घसरली आणि उजव्या अंगाने कातळाला जाऊन टेकली.

शौकत चाकाशी उकिडवा बसला होता. वडील गेल्याची तार मिळाली तशी बोट पकडून आलेला रशीदाचा धाकटा भाऊ. तो हसला. "बुबू, मी अब्बांपेक्षा हलका आहे. मला टाच टेकायला जागा मिळाली तरी खूप."

"बलुची ड्रायव्हर उतरून चालत पुढे जातात," ती म्हणाली. "दगड बघतात, बाजूला करतात, मग गाडी नेतात."

"ते डोंगरातले. आपण दर्यावरची माणसं. तांडेलाचा मुलगा गाडीपुढे पायी चालला असं जयगडला कळलं, तर मला कोण मुलगी देईल?"

गनीला हसू आलं. मग त्याची नजर गोणपाटाकडे गेली आणि तो लोखंडाकडे पाहू लागला.

"गनीभाई, चपटा लावा," रशीदा म्हणाली. "पाय ठेवायला जागाच नको."

गनीने मुश्ताककडे पाहिलं. मुश्ताक तबकातला पेला उचलून चहा ढवळत होता. साखर कधीच विरघळली होती.

"हे मोटारीचं काम आहे, रशीदा. चपट्याने दारं वाचत नाहीत. परत गाडी घसरली तर परत अशीच बसतील. ही पलटणीने विकलेली गाडी, हिची दारं इथे मिळता मिळत नाहीत."

"पाइप लावला तर कातळ आणि दार यांच्यात किती जागा राहते?"

"म्हटलं ना भाभी, वीतभर," गनी म्हणाला आणि त्याने आपला पंजा ताणून दाखवला.

रशीदाने तबक वाळूवर ठेवलं. ती नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

"अब्बांना गुसलची अंघोळ तुम्ही घातलीत. शेवटचं त्यांना तुम्ही पाहिलंत. सांगा, वीतभर जागा पुरली असती त्यांना?"

आत आईच्या तसबीहचे मणी थांबले.

मुश्ताकने पेला खाली ठेवला. गाडीला वळसा घालून तो उजव्या अंगाला गेला आणि दबलेल्या दारावर हाताचा तळवा ठेवून उभा राहिला. त्याची पाठ तिच्याकडे होती. त्या कातळांबद्दल तो अजून घरात एक शब्द बोलला नव्हता. मय्यतीला आलेल्यांना त्याने एवढंच सांगितलं होतं, अल्लाची मर्जी. आता हा म्हणेल, चपटा लाव, असं रशीदाला वाटलं. तेवढं तो म्हणाला असता तर बाकीचं तिने जन्मात विचारलं नसतं.

"गनी," तो म्हणाला. "पाइपच लाव. आणि वर धरायला एक कडी लाव. जाड सळईची. हाताला धरायला भक्कम असलं की माणूस जागचा हलत नाही."

"खलास, ठरलं," गनी हळूच म्हणाला. त्याने खिशातून खडू काढला. "कडी कुठे घेऊ?"

शौकत उठला, दुमडलेल्या पत्र्यावर एक पाय रोवून वर चढला आणि गाडीला अंग लावून उभा राहिला. गनीने त्या अंगाला येऊन खिडकीच्या चौकटीवर, जिथे अब्बांनी धरून धरून रंग निघाला होता आणि पत्रा चकाकत होता, तिथे खडूची रेघ मारली.

"अजून वर घ्या," शौकत म्हणाला. "अब्बा बुटके होते."