फुसका बार

कब्रस्तानाच्या भिंतीशी उभं करून सहा शिपायांनी एवेरार्दोला गोळ्या घातल्या, त्याला आज नऊ दिवस झाले. मयताच्या नवव्याच्या जेवणाला कुणी नाही म्हणत नाही, म्हणून त्याची आई पेट्रोनिला मक्याच्या पानांत उकडलेले सहा तमाले घेऊन थेट छावणीतच गेली.

सहांतल्या एका बंदुकीत नुसती दारू भरायची, गोळी नाही, आणि कोणत्या ते कुणालाच सांगायचं नाही, हा तिथला रिवाज.

"आईशप्पथ मावशी, फुसका बार माझ्याच बंदुकीचा होता!" पान सोलत पहिला म्हणाला. बाकीच्या पाचांनीही खाता खाता हीच शपथ घेतली.

पेट्रोनिलाने सहाही पानं रिकामी होऊ दिली.



"असेल रे बाळांनो. मीही तुमचाच रिवाज पाळलाय. सहांपैकी एकात विष घातलेलं नाही."