गोदूबाईचा फलक

"काकू, तुम्ही आपल्या खुर्चीवर बसा," म्हणत उपसरपंचांनी शैलाच्या आईच्या हातातला नारळ अलगद काढून घेतला. "सवाष्णीच्या हातून झालेलं बरं. आमची सूनबाई फोडेल."

घाटाच्या वळणावर कापडाने झाकलेला स्मृतिफलक उभा होता. दुष्काळात गावचं धान्य घेऊन निघालेल्या सरकारी गाड्या याच वळणावर अडवणाऱ्या गोदूबाईचा. तो लागावा म्हणून बाबांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि दोन महिन्यांपूर्वी ते गेले. म्हाताऱ्या बायका परपुरुषासमोर बोलायच्या नाहीत, म्हणून घरोघरी बसून ती सगळी हकिगत गोळा केली होती आईने.

आई मागे सरली. "राहू दे गं शैले. चांगल्या कामात वाद नको."

शैलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र तिने चढू दिला नाही. "भाऊ, गाड्यांपुढे आडवी पडली तेव्हा गोदूबाईला नवरा होता?"

"छे, ती तर बालविधवा..." उपसरपंच बोलता बोलता अडखळले. "अहो ताई, पण तो काळ वेगळा होता!"

"हो ना. तेव्हा तिला कुणी खुर्चीवर बसवलं नाही."

मागे एक म्हातारी खुदकन हसली. सूनबाई पुढे आली. सासऱ्यांकडे न बघता तिने त्यांच्या हातातून नारळ घेतला आणि आईसमोर धरला.

"काकू, तुम्हीच फोडा. मला तो धड फुटतही नाही."

आईने पदर खोचला.